गर्दीच्या पॉइंट ब्रेकवर लाट कुणाची?

अरुगम बेसारख्या गर्दीच्या पॉइंट ब्रेकवर, म्हणजे भूशिरापाशी लाट फुटते अशा सर्फिंगच्या जागी, नवख्याने उतरावे का, आणि एकाच लाटेसाठी दोघे निघाले तर ती कुणाची, असे तुम्ही विचारले आहे. पहिल्या वर्षी तेथे उतरू नये, एवढे पहिल्या भागाचे उत्तर पुरे. दुसऱ्या भागाची खूण म्हणून माझ्या डाव्या पोटरीवर चार टाक्यांचा व्रण आहे.

मी परभणी जिल्ह्यातला. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो आणि नोकरीनिमित्त चेन्नईला गेल्यावर कोवलमच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकलो. तीन वर्षांनी, ऑगस्टमध्ये, गावाकडच्याच एका मित्राबरोबर श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरील अरुगम बेला गेलो. तेथील मेन पॉइंटला लाट भूशिरापाशी फुटू लागते आणि उजवीकडे उलगडत जाते. म्हणजे लाट लांब असली तरी ती पकडण्याची जागा एकच. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या त्या दिवसांत सकाळी वारा जमिनीकडून येत असल्याने लाट नितळ असते, म्हणून सगळे सकाळीच येतात. त्या एवढ्याशा जागेत तीस-चाळीस माणसे बोर्डवर बसून होती.

तासाभराने मी फुटणाऱ्या माथ्याच्या सर्वांत जवळ पोहोचलो, लाट पकडली, उजवीकडे वळलो, आणि पुढे त्याच लाटेवर मित्र उतरला. मी ओरडलो, तरी त्याने मागे पाहिले नाही. बोर्ड आदळले आणि त्याच्या बोर्डची फीन, म्हणजे बोर्डखालचे पाते, माझ्या पोटरीत शिरली. ‘मी आधी उभा राहिलो होतो’, हे त्याचे म्हणणे आजही कायम आहे आणि ते साफ चूक आहे. त्याचा बोर्ड नऊ फुटी होता. असा बोर्ड लाट फुटण्यापूर्वीच वेग धरतो, तेव्हा आधी उठण्यावर हक्क ठरवला तर लहान बोर्डवाल्यांनी किनाऱ्यावर बसून राहावे. माथ्याच्या जो सर्वांत जवळ, लाट त्याची. जायकवाडीच्या कालव्यावर शेजपाळीत, म्हणजे पाण्याच्या ठरलेल्या पाळीत, पाणी चारीच्या टेलकडून, म्हणजे शेवटच्या टोकाकडून, वर येते आणि येथे हक्क वरच्या टोकाकडून सुरू होतो, पण ज्याने आधी दार उघडले त्याचे पाणी, असा नियम दोन्हीकडे नाही. वरच्यांनी रात्री दार उघडले म्हणून तक्रारअर्ज लिहिणाऱ्या माझ्या या टेलच्या शेतकरी मित्राला हे कळू नये, याचे मला नवल वाटते.

अर्थात, रांगेतल्या सर्वांना वळसा घालून पुन्हापुन्हा माथ्याजवळ जाऊन बसणाऱ्यालाही मी हक्कदार मानत नाही. स्थानिकांना दोन लाटा जास्त गेल्या तर पाहुण्याने कुरकुर करू नये. तुम्ही नवखे असाल तर शेजारच्या बेबी पॉइंटला किंवा उत्तरेच्या व्हिस्की पॉइंटला सुरुवात करावी, आणि विहिरीतल्या पोहण्यावर भिस्त ठेवू नये, कारण विहिरीला प्रवाह नसतो.

मित्राचा दुसरा बचाव असा की, त्याला माझे ओरडणे समजले नाही. मी ‘अय, माझी हाय!’ असे ओरडलो होतो, आणि त्या सकाळी त्या पाण्यात हे समजू शकेल असा तो एकटाच माणूस होता.