माझ्यासाठी १४० म्हणजे धोका

प्रश्न : भावाच्या मानेच्या मणक्याला इजा आहे. इमर्जन्सीत सगळे माझ्याशीच बोलतात, त्याला स्ट्रेचरवर ताटकळत ठेवतात. काय करावं?

उत्तर : मीही मणक्याच्या दुखापतीमुळे व्हीलचेअरवर असते. डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं, तर उत्तर न देता भावाकडे बघा. अवघडल्यासारखं होतं खरं, पण त्यांचीही मान तिकडे वळते.

आत शिरताच नर्सला त्याचा नेहमीचा रक्तदाब सांगा. माझा वरचा आकडा एरवी शंभरच्या आत असतो, त्यामुळे इतरांना किरकोळ वाटणारा १४० माझ्यासाठी धोक्याचा. छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर इजा असेल, तर तुंबलेलं कॅथेटर (लघवीची नळी) किंवा बद्धकोष्ठसुद्धा दाब एकदम चढवतं. डोकं ठणकतं, चेहऱ्यावर घाम फुटतो. अशा वेळी आडवं न ठेवता बसवायचं, कपडे सैल करायचे, नळीला पीळ पडलाय का ते बघायचं. या त्रासाचं ‘ऑटोनॉमिक डिसरेफ्लेक्सिया’ हे नाव कागदावर ठळक लिहून न्या. गर्दीत नवख्या डॉक्टरला ते सुचेलच असं नाही.

स्ट्रेचर कडक असतं आणि बधिर कातडी तक्रार करत नाही. दर दोन तासांनी तरी कूस बदलून घ्या. व्हीलचेअर मात्र नजरेआड होऊ देऊ नका. एकदा कुणी कोपऱ्यात ढकलली की शोधता शोधता जीव जातो!