'रेट्रोफिट'ला मराठीत काय म्हणावं?

इंग्लंडमधल्या लेस्टरहून एका वाचक भगिनींनी विचारलं आहे. घरांतून होणारं कार्बन उत्सर्जन कसं कमी करावं, याबद्दलचं एक इंग्रजी पत्रक त्या तिथल्या मराठी ज्येष्ठांसाठी मराठीत करत आहेत. त्यात पदोपदी 'रेट्रोफिट' येतो, म्हणजे उभ्या घरात ऊर्जा वाचवणाऱ्या सोयी मागाहून बसवणं. आधी त्यांनी 'पुनर्बांधणी' लिहिलं, मग खोडून 'नूतनीकरण' केलं. दोन्ही पटेनात.

पटत नाहीत ते बरोबरच आहे. 'पुनर्बांधणी' तर इथे उलटाच अर्थ देईल. मुंबई-पुण्याकडून गेलेल्या माणसाला 'पुनर्बांधणी' किंवा 'पुनर्विकास' म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो पाडलेला वाडा आणि त्या जागी उभा राहिलेला टॉवर. पत्रकाला नेमकं हेच टाळायचं आहे. जुनं घर पाडलं की त्याच्या विटा भाजायला, सिमेंट करायला पूर्वी जळलेलं इंधन वाया जातं आणि नव्या घरासाठी तेवढंच, बहुधा जास्तच, पुन्हा जाळावं लागतं. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनातला सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. शिवाय ब्रिटनमध्ये २०५० साली लोक ज्या घरांत राहत असतील, त्यांतली सुमारे ८० टक्के आजच उभी आहेत, असा अंदाज आहे. २०१९ मध्ये कायदा बदलून त्या देशाने २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन (जेवढं हवेत सोडायचं तेवढंच शोषूनही घ्यायचं) गाठायचं ठरवलं, तेव्हाच ही उभी घरं सुधारल्याशिवाय गत्यंतर नाही हेही ठरून गेलं.

'नूतनीकरण' चुकीचं नाही, पण भलतीकडे नेतं. नव्या फरशा, नवा ओटा, रंगरंगोटी. आणि परवान्याचंही नूतनीकरणच होतं. 'जीर्णोद्धार' देवळाचा. 'डागडुजी' फार लहान, शिवाय तिच्यात मोडलेलं पूर्ववत करणं एवढंच येतं. 'रेट्रोफिट'मध्ये काही मोडलेलं असेलच असं नाही. हा शब्द 'रेट्रोअ‍ॅक्टिव्ह' आणि 'रिफिट' यांच्या जोडणीतून झाला. बांधताना जे घातलंच नव्हतं, ते उभ्या वास्तूत मागाहून घालणं, हा त्याचा गाभा.

असं काम आपल्याकडे झालेलं आहे. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात तग धरून राहिलेल्या दगडमातीच्या घरांसाठी काही उपाय सुचवले गेले: माळवदावरचा मातीचा थर कमी करणं, भिंतींचे दोन्ही पदर आरपार सांधणं. त्याला 'मजबुतीकरण' म्हणत. भूकंपाच्या संदर्भात तो शब्द चपखल आहे. पण लेस्टरच्या घराला बळ नको आहे, ऊब हवी आहे.

मला सुचतो तो शब्द 'शाकारणी'. माझ्या आजोळी, कोकणात, मे संपत आला की घर शाकारायला घेत. कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, कुजलेला रिप काढायचा, पडवीच्या कडेला माडाच्या झापांचा आडोसा बांधायचा. घर तेच, माणसं त्यातच राहत असतात, आणि येणाऱ्या ऋतूसाठी त्याला तयार करायचं. शाकारणी दरवर्षीची आणि रेट्रोफिट पिढीत एकदाचं, हा फरक मला मान्य आहे. तरीही 'उभ्या घराला हवामानासाठी सज्ज करणं' हा भाव इतका नेमका सांगणारा दुसरा शब्द मला सापडलेला नाही, आणि तुमच्या ज्येष्ठ वाचकांपैकी अनेकांनी ती शाकारणी स्वतः केलेली असेल.

आता पत्रकातले बाकीचे शब्द. 'इन्सुलेशन'ला पाठ्यपुस्तकी मराठीत 'उष्णतारोधन' म्हणतात. ते वाचून वाटतं की उन्हाळा थोपवायचा आहे. तिथे तर आतली ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही. म्हणून 'अस्तर' लिहा. कोटाला असतं तसं. माळ्यावर खनिज लोकरीचा (काच किंवा दगड वितळवून काढलेल्या तंतूंचा) २७० मिलिमीटरचा थर सुचवतात, तो अस्तरच आहे. साधारण १९२० नंतरच्या घरांच्या भिंती बहुधा दुपदरी, मध्ये पोकळी असलेल्या. त्या पोकळीत 'भरण' घालतात. त्याआधीच्या भिंती एकसंध. त्यांना आतून किंवा बाहेरून अस्तर लावावं लागतं आणि ते काम महाग जातं. फटी 'बुजवणं' ठीक, पण 'हवा खेळती ठेवून' हे शब्द शेजारी असू द्या. नाहीतर ओल धरते, बुरशी येते. 'हीट पंप' तसाच ठेवा. एका युनिट विजेत तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून साधारण तीन युनिट उष्णता घरात देतो, हे एक वाक्य 'उष्णता उदंचक'पेक्षा कितीतरी जास्त सांगतं.

कचेऱ्या आणि दुकानांसाठी मात्र 'शाकारणी' ताणू नका. दहा मजली काचेच्या इमारतीला ती शोभणार नाही. तिथे 'ऊर्जासुधारणा' लिहा. इंग्लंड-वेल्समध्ये एप्रिल २०१८ पासून ऊर्जा-कार्यक्षमतेत तळाच्या 'एफ' किंवा 'जी' श्रेणीची इमारत, काही अपवाद सोडले तर, नव्या भाडेकरूला देता येत नाही. त्यामुळे मालकाला दिवे, वातानुकूलन, काचा, नियंत्रणं हे सगळं सुधारावं लागतं, आणि ते सगळं या शब्दात मावतं.

तुमच्या पत्रकाचा पहिला परिच्छेद मी असा करीन:

"आपलं घर आहे तसंच राहणार आहे. थंडीसाठी त्याची शाकारणी (रेट्रोफिट) करायची आहे. आधी माळ्याला आणि भिंतींना अस्तर, मग हवा खेळती ठेवून दाराखिडक्यांच्या फटी बंद, आणि शेवटी गॅसच्या बॉयलरच्या जागी हीट पंप. गॅस जळणं थांबलं की आपल्या घरातून हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइडही थांबेल."