डाव्या कोपऱ्यावर खेळणाऱ्या मुलीला

अनेक आशीर्वाद.

जिल्ह्याच्या कुमारी कबड्डी संघात तुझी निवड झाल्याचं आईकडून कळलं, फार बरं वाटलं. त्याच फोनवर तिने तक्रारही केली की खेळाच्या दुकानातून आणलेलं माउथगार्ड, म्हणजे दातांवर बसवायचं ते प्लास्टिकचं कवच, बॅगेतून बाहेरच निघत नाही. संघातल्या मुली विचारतात, "बॉक्सिंगला चाललीस काय?" आणि ते घातलं की तुला चढाईत 'कबड्डी, कबड्डी'चा दम नीट घेता येत नाही.

मुलींना म्हणू देत. बॉक्सिंगवाल्यांना हे शहाणपण जरा आधी आलं, इतकंच. लंडनच्या वुल्फ क्राउझ नावाच्या दंतवैद्यांनी १८९० च्या सुमारास बॉक्सरांच्या वरच्या दातांवर गटापर्चाच्या, म्हणजे झाडाच्या रबरासारख्या चिकाच्या, पट्ट्या बसवायला सुरुवात केली, तीही मुख्यतः ओठ फाटू नयेत म्हणून. अमेरिकेतल्या शाळांच्या फुटबॉलमध्ये, म्हणजे त्यांच्या त्या हेल्मेटवाल्या फुटबॉलमध्ये, १९६२ पासून गार्ड सक्तीचं आहे. आपल्याकडे सामन्याआधी नखं कापलेली आहेत ना, अंगाला तेल नाही ना, दागिना नाही ना, एवढं बघतात. दात ज्याचे त्याने सांभाळायचे.

दुसरी तक्रार मात्र खरी आहे, आणि हे पत्र तिच्यासाठीच लिहितेय.

आधी तू कुठे खेळतेस ते बघ. टाळ्या चढाईवालीला मिळतात, पण माझ्या दातांच्या दवाखान्यात खुर्चीत येऊन बसतात त्या बहुतेक पकड करणाऱ्या. घोट्याची पकड करताना तू खाली झेपावतेस तेव्हा तुझं तोंड समोरच्या मुलीच्या नडगीच्या आणि गुडघ्याच्या उंचीवर असतं. ती सुटायला पाय झटकणारच, तिचा तो खेळच आहे. त्याहून वाईट मार बसतो तो आपल्याच माणसाचा. तू आणि तुझी कव्हर, म्हणजे मधल्या बाजूने पकडीला साथ देणारी मुलगी, एकाच क्षणी झेपावता आणि तिचं कपाळ तुझ्या तोंडावर आदळतं. कपाळाचं हाड जाड असतं. तिला टेंगूळ येतं आणि तुझे वरचे मधले दोन दात जातात. खेळात सगळ्यात जास्त मार त्याच दोघांना बसतो. तुझे तर ते थोडे पुढेही आहेत, आणि असे दात पुढे असले की इजेची शक्यता साधारण दुप्पट होते.

दात गेला तर नवा बसवू, असं तू म्हणशील. तुझ्या वयात तेही सोपं नाही. जबड्याची वाढ पुरती थांबल्याशिवाय इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात रोवायचा कृत्रिम दात, बसवत नाहीत. बसवलं तर आजूबाजूचे दात वाढीबरोबर खाली सरकतात आणि ते एकटं वर अडकून राहतं. तोवर काढ-घाल करायचा दात किंवा शेजारच्या दातांना चिकटवायचा तात्पुरता ब्रिज लावून कॉलेजची वर्षं काढावी लागतात.

आता दमाचं. तू वापरतेस ते गरम पाण्यात टाकून चावून बसवायचं गार्ड. अजिबात काही नसण्यापेक्षा बरं, पण चावताना ते दाढांखाली पातळ होतं, पुढे जाड राहतं, आणि टाळूकडची बाजू नको तितकी लांब असते. कबड्डी म्हणताना 'ब'ला ओठ मिटावे लागतात आणि 'ड्ड'ला जिभेचं टोक टाळूला लागावं लागतं. पुढच्या जाडीमुळे ओठ मिटत नाहीत आणि टाळूवर आलेला प्लास्टिकचा काठ जिभेला अडतो. मग तोंडातून निघतं ते 'कवल्ली, कवल्ली'. पंचांना उच्चार स्पष्ट ऐकू आला नाही तर ते परत बोलावतात आणि तांत्रिक गुण समोरच्या संघाला जातो. आघाडीच्या दोघी बाद झाल्या की चढाईला तुलाच जावं लागतं. त्या वेळी गार्ड काढून हातात धरायचं का? मुळीच नाही.

उपाय मापाच्या गार्डचा आहे. गुलाबी लगद्यात तुझ्या वरच्या दातांचा ठसा घेते, त्यातून प्लास्टरचा साचा होतो, आणि त्यावर ईव्हीए नावाच्या लवचीक प्लास्टिकची तापवलेली चादर यंत्राने दाबून बसवतात. एकावर एक दोन थर दिले की जिथे मार बसतो तिथे तीन-चार मिलिमीटर जाडी टिकते. खरी कारागिरी कापण्यात आहे. ओठाकडची कड हिरडीवर वरपर्यंत न्यायची, पण ओठाच्या आतली शीर मोकळी सोडायची, नाहीतर अर्ध्या तासात तिथे सोलवटतं. टाळूकडची कड हिरडीच्या थोडीच पुढे थांबवायची, आणि ती धारेवर आणायची. असं गार्ड दात दाबून न धरताही जागेवर राहतं. माझी कसोटी साधी आहे: तोंड उघडं ठेव, गार्ड खाली पडता कामा नये, मग तीस सेकंद कबड्डीचा दम घे. जिथे अडखळशील तिथे मी घासून देईन. खर्च तुझ्या मॅटवरच्या बुटांएवढा येईल.

तरीही पहिल्याच दिवशी सामन्यात घालू नकोस. तोंडात वस्तू आली की लाळ सुटते, मळमळतं. सुरुवातीला घरी अभ्यास करताना घाल, मग पळताना, मग चढाईच्या सरावात. सराव सामन्यांपेक्षा कितीतरी जास्त तास चालतो आणि तिथे पंचही नसतात, त्यामुळे सरावात गार्ड काढून ठेवणाऱ्या मुलींचं मला कोडंच पडतं.

गार्डकडून किती अपेक्षा ठेवायची तेही सांगते. ते धक्का पसरवतं, वरचे-खालचे दात एकमेकांवर आपटू देत नाही, ओठ आणि जीभ दातांपासून लांब ठेवतं. डोक्याला बसलेल्या धक्क्यापासून ते मेंदूला वाचवतं का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आइस हॉकीत काही चांगले निष्कर्ष आलेत, पण आपण त्या भरवशावर राहायचं नाही. रग्बीत वरच्या पातळीवर आता सेन्सर असलेली गार्ड वापरतात. ती डोक्याला किती जोराचा हिसका बसला ते डॉक्टरांना कळवतात, हिसका थांबवत नाहीत. म्हणून डोकं आपटल्यावर गरगरलं, अंधारी आली, गुण किती झाले ते आठवेना, तर बाहेर बस. २००२ साली अँटिग्वाच्या क्रिकेट कसोटीत अनिल कुंबळे मोडलेल्या जबड्याला पट्टी बांधून आले, चौदा षटकं टाकली, लाराला पायचीत केलं, हे तुला तुझे प्रशिक्षक सांगतीलच. मलाही तो प्रसंग आवडतो. पण त्यानंतर तेही शस्त्रक्रियेसाठी मायदेशी परतले, हा भाग कुणी सांगत नाही.

आणि एवढं करूनही कुणाचा दात मुळासकट निघालाच, तर तिथे शहाणं माणूस तू असायला हवंस. माझ्याकडे असे दात कागदाच्या पुडीत, रुमालात, कधी हळद लावून येतात, तेही दुसऱ्या दिवशी. तोवर मुळावरच्या पेशी मेलेल्या असतात. दात उचलताना चावायच्या, पांढऱ्या बाजूने धर. मुळाला बोट लावू नकोस. माती लागली असेल तर गार पाण्याने काही सेकंद नुसता विसळ, घासू नकोस. मग जिथून आला तिथेच परत बसव, नीट दिशा बघून, आणि तिला रुमाल हलके चावून धरायला सांग. भीती वाटली तर दात दुधात टाक. प्रत्येक मैदानाबाहेर चहाची टपरी असते. साखर न घातलेलं गार दूध माग. अर्ध्या तासात दंतवैद्य गाठला तर दात टिकण्याची आशा चांगली. बाहेर कोरडा राहून तास उलटला की आशा झपाट्याने कमी होते. मातीत पडली असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारायचं. हे सगळं पक्क्या दातांसाठी आहे. किशोरी गटातल्या एखाद्या लहानगीचा दुधाचा दात पडला तर तो परत बसवायचा नाही.

निगा फारशी नाही. खेळून झालं की गार पाण्याने आणि साबणाने धू, भोकं असलेल्या डबीत ठेव. गरम पाणी नको, उन्हात तापलेल्या गाडीत विसरणं नको, आकार बिघडतो. आणि पंचांचा निर्णय लागेपर्यंत चघळत उभी राहू नकोस. कडा फाटल्या किंवा ढिलं झालं तर नवं करू.

शनिवारी संध्याकाळी पाचनंतर ये, तेव्हा दवाखान्यात गर्दी नसते. येताना पोटभर खाऊन येऊ नकोस, ठसा घेताना उमळून येतं. जुनं गार्डही आण, ते कुठे अडतं ते मला बघायचंय.

तुझी,
डॉक्टरताई

ता. क. रंग भडक निवड, लाल किंवा पिवळा. पारदर्शक गार्ड तोंडातून उडालं की मॅटवर कुणाला दिसत नाही, आणि सात जणी ते शोधत असताना वेळ घालवल्याचं पंच तुमच्या संघाला ऐकवतात.