वाईच्या वाड्याचा विसार दिलात, पण करारातली तारीख बघितलीत का?

भांडुपच्या एका वाचकांनी लिहिलंय की वाईत जुना दुमजली वाडा घ्यायचा ठरला, मार्च २०२३ मध्ये नऊ लाख विसार दिला, नोटरीकडे साठेखत (पुढे विक्री करून देण्याचा करार) केलं, वाडा पाडून चार मजली बिल्डिंग उभी करायचा बेत आहे. मालक म्हणतो बहिणीची सही झाली की खरेदीखत करू. आत दोन जुने भाडेकरू आहेत. आता काय करू?

असली पत्रं सारखी येतात, फक्त गाव बदलतं, कधी चिपळूण कधी जुन्नर. त्यामुळे सर्च रिपोर्ट (मिळकतीच्या आधीच्या व्यवहारांची तपासणी) आधी काढायचा असतो वगैरे आता उगाळत नाही.

तुमच्या साठेखताचं सातवं कलम वाचा. 'आजपासून सहा महिन्यांचे आत खरेदीखत करून देईन.' म्हणजे सप्टेंबर २०२३. करारात तारीख ठरलेली असेल तर लिमिटेशन अॅक्टच्या अनुच्छेद ५४ प्रमाणे करारपूर्तीचा (ठरल्याप्रमाणे खरेदीखत करून घ्यायचा) दावा त्या तारखेपासून तीन वर्षांत लावावा लागतो, म्हणजे सप्टेंबर २०२६ पर्यंत. तारीख लिहिलीच नसती तर मालकाचा नकार तुम्हाला कळला तिथून मोजलं असतं, पण तुमच्याकडे लिहिलेली आहे, आणि ती तुम्ही एवढे दिवस वाचलीच नाही असं पत्रावरून दिसतंय. नुसत्या वकिलाच्या नोटिशीने मुदत वाढत नाही, आणि मालकाने व्हॉट्सअॅपवर 'दिवाळीनंतर नक्की' लिहून हात जोडले त्यावर तर अजिबात विसंबू नका. मुदतवाढीचा लेखी कागद दोघांच्या सहीने करा, तोही दाव्याची ही तीन वर्षांची मुदत संपायच्या आत. सही द्यायला टाळाटाळ झाली तर आणखी वाट न बघता वाईच्या दिवाणी कोर्टात दावा लावा.

साठेखत रजिस्टर नाही म्हणून हातपाय गाळू नका, रजिस्ट्रेशन अॅक्टच्या कलम ४९ खाली करारपूर्तीच्या दाव्यात ते पुरावा म्हणून चालतं. स्टॅम्प कमी निघाला तर दंड बसेल, किती ते मूळ कागद बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. उरलेली रक्कम द्यायची तुमची तयारी पहिल्यापासून होती हे दाखवणारे बँकेचे कागद जमवा. दाव्यातच पर्यायी मागणी म्हणून विसार व्याजासह परत मागा, मागितलं नाही तर कोर्ट आपणहून देत नाही. आणि दाव्याची लिस पेंडन्स नोटीस (मिळकतीवर दावा चालू आहे ही सूचना) सबरजिस्ट्रारकडे नोंदवा. करारपूर्तीच्या कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीत असा दावा समन्स बजावल्यापासून १२ महिन्यांत, फार तर आणखी सहा महिने घेऊन निकाली काढावा असं लिहिलंय, त्यावर मी काही बोलत नाही, तुम्ही एकदा कोर्टाच्या बोर्डावर रोज किती मॅटर लागतात ते जाऊन बघा.

बहिणीचं वेगळं आहे. वाडा वडिलोपार्जित असेल तर २००५ पासून मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे, तिने हक्कसोडपत्र दिलं नाही तर तुम्हाला फार तर भावाचा हिस्सा मिळेल, आणि राहत्या एकत्र घरात बाहेरच्या माणसाला हिस्सा विकत घेऊनही इतरांबरोबर ताबा मागता येत नाही. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर आणखी कोणाकोणाची नावं आहेत ते मला माहीत नाही, तुम्हालाही नसावं.

भाडेकरू 'मी काढून देतो' असं मालक तोंडी म्हणतो, ते सोडून द्या. पाडून नवीन बांधायचं हे घर खाली करून मागायचं कारण भाडे नियंत्रण कायद्यात आहे, पण त्याला अटी आहेत, आणि बरेचदा त्याच भाडेकरूंना नव्या इमारतीत जागा द्यावी लागते. हिशोब त्यांना धरूनच करा. चार मजले चढतील का ते समोरचा रस्ता किती रुंद आहे त्यावर बरंचसं ठरेल, आधी नगरपालिकेतून झोन दाखला काढा. मुंबईतल्या सेस बिल्डिंगच्या (उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींच्या) पुनर्बांधणीचा ३३(७) हा नियम वाईत लागू नाही, कुठल्या ब्रोकरने सांगितलं असेल तर विसरा.

आणि बहिणीची सही होईपर्यंत मालकाला आणखी एक रुपया देऊ नका, गणपतीत अडचण सांगत आला तरी.