वाचकांचे प्रश्न : अधिवेशनाला जाण्याआधी

दिवाळी सरली की समाजशास्त्राच्या अधिवेशनांची पत्रकं कॉलेजांच्या सूचनाफलकांवर लागतात. सातारा-सांगलीकडून या वेळी आलेली पत्रं बरीचशी त्याबद्दलचीच आहेत.

प्रश्न : ‘गलाई व्यावसायिकांचे स्थलांतर : एक समाजशास्त्रीय अभ्यास’ या विषयावरचा गोषवारा मी वार्षिक अधिवेशनाला पाठवला. ‘विषय व्यापक, सुधारून पाठवा’ एवढ्याच शेऱ्यासह तो परत आला. मी गावातल्या ३० कुटुंबांना प्रश्नावली दिली आहे. सुधारायचं म्हणजे नेमकं काय करायचं?
— संशोधक विद्यार्थिनी, आटपाडी

उत्तर : आधी ‘एक समाजशास्त्रीय अभ्यास’ हे शेपूट कापा. समाजशास्त्राच्या अधिवेशनात दुसरा कुठला अभ्यास येणार? खानापूर-आटपाडीकडची गलाईची, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा करणारी माणसं देशभरच्या सराफ पेठांत पोचली आहेत. त्या सगळ्यांचं स्थलांतर ३० कुटुंबांत मावत नाही. मावतो एखादा प्रश्न. उदाहरणार्थ, दुकानावर नवा पोरगा न्यायचा झाला तर मालक कोणाला नेतो? भावकीतला, पाहुण्यांतला, की गावातला कुणीही? शीर्षकही त्यावरूनच काढा : ‘गलाईच्या दुकानावर कोण जातं? आटपाडी तालुक्यातील एका गावातील नातेसंबंध आणि कामगारभरती’. असं शीर्षक वाचलं की परीक्षकाला तुम्ही काय मोजलं आणि काय विचारलं याचा अंदाज येतो.

गोषवाऱ्याला बहुधा २५० शब्द मिळतात. प्रश्नाला ५०, आधीच्या अभ्यासांत काय सापडलं आणि काय राहून गेलं याला ४०, गाव आणि पद्धत यांना ६०, काय आढळलं याला ८० आणि मर्यादांना २० अशी वाटणी करून बघा. परत येणाऱ्या गोषवाऱ्यांत ही वाटणी उलटी झालेली असते. ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ किंवा ‘आजच्या जागतिकीकरणाच्या युगात’ इथून सुरुवात होते, निम्मी जागा तिथेच संपते आणि शेवटी ‘प्रस्तुत शोधनिबंधात यावर प्रकाश टाकला आहे’ असं येतं. प्रकाश टाकून काय दिसलं, ते लिहायचं राहून जातं. आढळलेल्या गोष्टी गोषवाऱ्यातच सांगा. रहस्यकथेसारख्या राखून ठेवू नका.

पद्धतीबद्दल लिहिताना तीन शब्द जपून वापरा. कागद लोकांनी स्वतः भरला असेल तर ती प्रश्नावली. तुम्ही समोर बसून विचारलं आणि तुम्हीच भरलं असेल तर ती मुलाखत अनुसूची. तुमच्या बाबतीत बहुधा दुसरं झालेलं असणार. दुसरा शब्द ‘यादृच्छिक’. गावातल्या सगळ्या गलाई कुटुंबांची यादी करून चिठ्ठ्या टाकून निवड केली असेल तरच तो लिहा. एकाने दुसऱ्याचं घर दाखवलं, दुसऱ्याने तिसऱ्याचं, अशी निवड झाली असेल तर ती स्नोबॉल पद्धत आहे. तसं लिहिण्यात कमीपणा नाही, चुकीचं नाव देण्यात आहे. तिसरा शब्द ‘टक्के’. ३० पैकी २० जणांना ‘६६.६७ टक्के’ म्हटलं की दशांशचिन्हाने उगाच भारदस्तपणा येतो. ‘३० पैकी २०’ असंच लिहा. एवढ्या लहान नमुन्याचे चार-सहा गट पाडून काय-वर्ग कसोटी (दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का, हे तपासणारी संख्याशास्त्रीय कसोटी) लावू नका. अपेक्षित वारंवारता, म्हणजे संबंध नसता तर रकान्यात जेवढे जण पडले असते तो आकडा, ५ च्या खाली गेलेले रकाने वाढले की निकालावर भरवसा ठेवता येत नाही, आणि सत्रात कुणीतरी नेमकं तेच विचारतं.

मुलाखती कधी घेतल्या, हेही लिहा. गावच्या जत्रेत किंवा दिवाळीत घेतल्या असतील तर तेव्हा गावात कोण येतो, याचा विचार करा. दुकान बरं चाललेला माणूस गाडी करून येण्याची शक्यता जास्त. ज्याचं बसलं तो कदाचित आलाच नसेल, किंवा आधीच परत येऊन दुसऱ्याच कामाला लागला असेल आणि तुमच्या यादीत ‘गलाईवाला’ म्हणून धरलाच गेला नसेल. मर्यादांचे २० शब्द यासाठीच राखून ठेवले आहेत.

प्रश्न : निबंधवाचनाला दहा मिनिटं असं पत्रकात छापलेलं असतं. प्रत्यक्षात सहाव्या मिनिटाला सत्राध्यक्ष घंटा वाजवतात आणि निष्कर्ष राहून जातात. काय करावं?
— एक प्राध्यापिका, कराड

उत्तर : घंटा वाजणार हे गृहीत धरूनच तयारी करा. मराठी मजकूर सावकाश, समजेल असा वाचला तर मिनिटाला साधारण १०० ते ११० शब्द होतात. छापायला दिलेला ३,००० शब्दांचा निबंध वाचायला अर्धा तास लागेल. म्हणून वाचनाची प्रत वेगळी करा. ८०० शब्द, मोठा टाइप, कागदाच्या एकाच बाजूला. पहिल्या मिनिटात प्रश्न आणि मुख्य निष्कर्ष दोन्ही सांगून टाका. पुढची पाच मिनिटं पुराव्याला द्या : एक तक्ता आणि मुलाखतींतली दोन वाक्यं, बोलणाऱ्याच्याच शब्दांत. राहिलेल्या वेळात मर्यादा सांगा. मग सहाव्या मिनिटाला घंटा झाली तरी सांगायचं ते सांगून झालेलं असतं.

‘सन्माननीय व्यासपीठ’पासून सगळ्या पाहुण्यांची नावं घेण्यात पहिलं मिनिट जातं. एका नमस्कारात ते उरकतं. संकल्पनांच्या व्याख्याही वाचू नका. समोर बसलेले लोक त्याच व्याख्या वर्गात शिकवतात.

स्लाइड पाच पुरेत. मागच्या बाकावरून अक्षर दिसायला हवं, म्हणजे २८ पॉइंटच्या खाली जाऊ नका. पेनड्राइव्हवर मूळ फाइलबरोबर पीडीएफही ठेवा. नवीन लॅपटॉपला एचडीएमआय असतं, वर्गातला जुना प्रोजेक्टर व्हीजीएवर चालतो आणि मधला ॲडॉप्टर शिपाईमामांच्या कपाटात असतो. वीज गेली तर तोच तक्ता २० झेरॉक्स प्रतींतून वाटता येतो.

प्रश्न : टाइप करून पाठवलेला निबंध संयोजकांना इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखा दिसला. फाइल बिघडली का?
— वाचक, तासगाव

उत्तर : बिघडलेली नाही. डीटीपीवाल्यांनी ती श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केली आहे. तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही तिथे असंच दिसतं. सांगतानाच ‘युनिकोडमध्ये हवं’ म्हणा. आहे तो मजकूर कन्व्हर्टरने बदलता येतो, पण त्यात रफार, ‘क्ष’ आणि आकडे हमखास घसरतात. पूर्ण मुद्रितशोधन पुन्हा करावं लागेल.

प्रश्न : अधिवेशनात निबंध वाचल्याचे गुण किती? पीएचडीसाठी दोन निबंध वाचावेच लागतात का?
— सहायक प्राध्यापक, विटा

उत्तर : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या विनियमांनुसार, नेमणूक-बढतीसाठी धरल्या जाणाऱ्या संशोधन गुणांत राज्य किंवा विद्यापीठ पातळीला २, राष्ट्रीयला ३, देशात झालेल्या आंतरराष्ट्रीयला ५ आणि परदेशातल्याला ७ गुण आहेत. वाचलेला निबंध त्याच परिषदेच्या कार्यवृत्तात छापून आला तरी तो एकदाच धरतात. निमंत्रित व्याख्यानं, निबंधवाचन आणि धोरणविषयक दस्तऐवज यांचे मिळून गुण एकूण संशोधन गुणांच्या ३० टक्क्यांपुढे मोजले जात नाहीत. समाजविज्ञानात परीक्षित (तज्ज्ञांकडून तपासून लेख छापणाऱ्या) नियतकालिकातल्या एका लेखाला १० गुण आहेत, आणि दोन लेखक असतील तर प्रत्येकाला त्यातले ७० टक्के. हिशेब सरळ आहे : वर्षभर चार ठिकाणी प्रमाणपत्रं गोळा करण्यापेक्षा एकाच अधिवेशनात निबंध वाचा, तिथे झालेल्या टीकेवरून तो सुधारा आणि नियतकालिकाला पाठवा.

पीएचडीसाठी दोन निबंधवाचनं आणि एक प्रकाशित लेख ही अट २०१६ च्या विनियमांत होती. २०२२ च्या विनियमांनी ती काढली. तरीही विद्यापीठं आपली अट ठेवू शकतात, म्हणून आपल्या नोंदणीच्या वर्षाचा नियम विभागात लेखी विचारून घ्या.

प्रश्न : आमच्या कॉलेजकडे या वर्षी दोन दिवसांच्या राज्यस्तरीय अधिवेशनाचं यजमानपद आहे. २०० प्रतिनिधी आणि ८० निबंध धरले आहेत. कुठे गोंधळ होतो?
— समन्वयक, सातारा

उत्तर : वेळापत्रकात. आकडे मांडून बघा. वाचनाला १० मिनिटं आणि चर्चेला ५, म्हणजे एका निबंधाला १५ मिनिटं. ९० मिनिटांच्या सत्रातली १५ मिनिटं परिचय आणि अध्यक्षीय समारोपात जातात, उरतात ५ निबंध. ८० निबंधांना १६ सत्रं लागतात. पहिल्या दिवशी सकाळी उद्घाटन आणि बीजभाषण, दुपारी दोन फेऱ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन फेऱ्या, दुपारी समारोप. चार फेऱ्या, चार खोल्या : बरोबर १६. म्हणजे शिल्लक शून्य. उद्घाटन दीड तास लांबलं की एक फेरी बुडते आणि २० जणांना ‘तीन मिनिटांत सारांश सांगा’ म्हणायची वेळ येते. लांबून आलेल्या माणसाचा यापेक्षा मोठा अपमान नाही.

तेव्हा एक तर निबंध ६० वर आणा, नाहीतर पाचवी खोली घ्या. उद्घाटन लांबतं ते भाषणांपेक्षा सत्कारांनी. शाल-श्रीफळ फक्त बाहेरच्या पाहुण्यांना द्या. संस्थेतल्या मंडळींची नावं निमंत्रणपत्रिकेत आहेतच. पाहुण्यांच्या परिचयाला दीड मिनिट, लेखी. बीजभाषण उद्घाटनात कोंबू नका, चहानंतर स्वतंत्र ठेवा. एकाच वेळी चार खोल्या चालणार असतील तर प्रत्येक खोलीत वेळ सांभाळणारा एक विद्यार्थी आणि नोंदी घेणारा एक प्राध्यापक लागतो, म्हणजे आठ माणसं. स्वागत समितीतून ती आजच बाजूला काढा.

विषयवार गट गोषवारे आल्यावर पाडा, आधी नव्हे. नाहीतर ‘ग्रामीण समाज’ या खोलीत २२ निबंध जमतात आणि ‘कायद्याचं समाजशास्त्र’ या खोलीत दोन. कोयनेचं पुनर्वसन, माण-खटावचा दुष्काळ आणि मुंबईत माथाडी म्हणून गेलेली माणसं हे तिन्ही विषय ‘ग्रामीण’मध्ये टाकले जातात. खरं तर पहिला विस्थापनात बसतो, दुसरा पर्यावरणात आणि तिसरा श्रमात.

प्रमाणपत्रं दुसऱ्या दिवशी सकाळी वाटू नका. दुपारच्या जेवणाला निम्मी पंगत उठून गेलेली असेल. ज्या सत्रात निबंध वाचला, त्याच सत्राच्या शेवटी अध्यक्षांच्या हातून द्या. न आलेल्याचं प्रमाणपत्र समन्वयकाकडे परत जमा करा. कोऱ्या, सह्या केलेल्या प्रमाणपत्रांचा गठ्ठा टेबलावर ठेवू नका. कर्तव्य रजेसाठी लागणारं हजेरीपत्र वेगळं असतं. त्यावर दोन्ही दिवसांच्या तारखा हव्यात.

पाहुण्यांना कळवताना सातारा स्टेशन गावाबाहेर माहुलीकडे आहे हे आवर्जून लिहा. गळीत हंगाम सुरू असेल तर ऊसवाहू ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे गाडी रेंगाळते. सांगलीकडून सकाळी निघणाऱ्यांना तास-दीड तास हाताशी ठेवून निघायला सांगा.

प्रश्न : राज्याचं, देशाचं आणि जागतिक अधिवेशन यांत विद्यार्थ्याने कुठून सुरुवात करावी?
— एमए भाग २, मिरज

उत्तर : मराठी समाजशास्त्र परिषदेपासून. मराठीत वाचता येतं, आणि प्रश्न विचारणाऱ्यांना आपला भाग ठाऊक असतो. देशपातळीवर इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटी आहे. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी ती १९५१ मध्ये मुंबईत स्थापन केली आणि ‘सोशिऑलॉजिकल बुलेटिन’ हे तिचं नियतकालिक १९५२ पासून निघतं. तिथे विषयवार संशोधन समित्या आहेत. आपली समिती आधी ठरवा, सदस्यत्वाच्या अटी वाचा आणि मगच गोषवारा पाठवा. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल सोशिऑलॉजिकल असोसिएशन या आंतरराष्ट्रीय संघटनेची जागतिक परिषद चार वर्षांनी भरते. १९८६ मध्ये ती नवी दिल्लीत भरली होती. तिची सध्या घाई नको.

प्रश्न : आमच्या गावाचा अभ्यास करून गेलेल्या एका संशोधकाने अधिवेशनात गावाचं नाव, घरांचे फोटो आणि दोन भावांतला पाण्याचा वाद पडद्यावर दाखवला असं कळलं. आम्ही हरकत घेऊ शकतो का?
— शेतकरी, खटाव तालुका

उत्तर : घेऊ शकता, आणि घ्यावी. मार्गदर्शक आणि विभागप्रमुख या दोघांना लेखी पत्र द्या. ज्यांचे फोटो दाखवले त्यांची संमती घेतली होती का, तो मजकूर कुठे छापायला दिला आहे का, हे विचारा. छापून यायचा असेल तर नाव आणि फोटो काढण्याची मागणी आत्ताच करा, कारण स्मरणिका छापल्यावर फार काही हातात राहत नाही. पत्राची पोच घ्या.

संशोधकांसाठी इथेच एक सूचना. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी अभ्यासाच्या गावाला ‘रामपुरा’ हे टोपणनाव दिलं होतं, ती रीत जुनीच आहे. पण आपल्याकडे नुसतं टोपणनाव पुरत नाही. ‘गाव क’ म्हणायचं आणि पुढे ‘येथील दूध संस्थेचे माजी अध्यक्ष, ज्यांचे बंधू पंचायत समितीवर होते’ असं लिहायचं, म्हणजे तालुक्यातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर माणूस ओळखला जातो. पद बदला, नातं सैल करा, विहिरीऐवजी ‘पाण्याचा स्रोत’ लिहा. वादाचा तपशील निष्कर्षाला लागत नसेल तर गाळा. फोटो दाखवायचाच असेल तर पाण्याच्या रिकाम्या पाटाचा दाखवा, दाराच्या चौकटीत उभ्या माणसाचा नको.