ओडिसीतली ती दुतोंडी कुऱ्हाड विकू नका

प्राचीन ग्रीसमध्ये घडणाऱ्या 'असॅसिन्स क्रीड ओडिसी' या व्हिडिओ गेममध्ये हाती लागलेली नक्षीदार दुतोंडी कुऱ्हाड ठेवावी की विकावी, आणि स्पार्टाचे सैनिक खरंच अशी वापरत का, असे तुमचे दोन प्रश्न.

खेळापुरतं सांगतो: ठेवा. जड शस्त्राचा वार उशिरा बसतो, पण घेर मोठा, त्यामुळे तिघं-चौघं एकदम अंगावर आले की कामाला येते. दुसऱ्या स्लॉटमध्ये तलवार असू द्या.

स्पार्टाचं उत्तर मात्र 'नाही'. खेळ इ.स.पू. ४३१ मधला. तेव्हाच्या हॉप्लाइटकडे, म्हणजे ग्रीक पायदळ सैनिकाकडे, भाला, ढाल आणि आखूड तलवार असे. दुतोंडी कुऱ्हाड ही त्याहून हजारेक वर्षं जुन्या क्रीट या ग्रीक बेटावरची पूजेची वस्तू. तिथल्या आर्कालोखोरीच्या गुहेत १९३४ साली अशा कुऱ्हाडींची रासच सापडली, काही तर सोन्याच्या. अनेकींचा पत्रा इतका पातळ की लाकूडही फुटणार नाही. क्रीटमधल्याच हागिया त्रियादाच्या रंगवलेल्या दगडी शवपेटीवर त्या उंच खांबांवर बसवलेल्या दिसतात, प्रत्येकीवर एक पक्षी. दोन खांबांच्या मधल्या भांड्यात एक बाई काहीतरी ओततेय, मागून दुसरी कावडीने दोन बादल्या आणतेय. ते चित्र एकदा बघाच, मग हातातली कुऱ्हाड वेगळीच वाटेल.

खेळाच्या काळातली पूजेची कुऱ्हाड हवी असेल तर अथेन्सला जा. तिथल्या टेकडीवर, म्हणजे अ‍ॅक्रोपोलिसवर झ्यूस पोलिएउसच्या, म्हणजे नगररक्षक झ्यूस देवाच्या, वेदीपाशी उन्हाळ्यात बूफोनिया नावाचा बैलबळीचा सण होई. वेदीवर धान्य ठेवून बैल मोकळे सोडत. जो धान्याला तोंड लावेल त्याच्यावर पुजारी कुऱ्हाड चालवी, ती तिथंच टाके आणि पळून जाई. नांगराचा बैल मारणं हा अपराध, म्हणून पुढे रीतसर खटला चाले. पौसानियस हा प्राचीन ग्रीक प्रवासलेखक सांगतो की आरोपी असे ती कुऱ्हाड, आणि ती निर्दोष सुटे. दुसऱ्या एका कथनात दोष सुरीवर येतो आणि तिला समुद्रात फेकतात. इ.स.पू. ४२३ च्या एका अथेनियन नाटकात या सणाला जुनाट म्हटलंय, म्हणजे तुमच्या पात्राच्या हयातीतच तो लोकांना आजोबांच्या जमान्यातला वाटू लागला होता.

आता खेळात क्रीटला जाल तेव्हा घोडा न दामटता क्नोसॉसच्या जुन्या राजवाड्याच्या अवशेषांतून पायी हिंडा. खऱ्या क्नोसॉसमध्ये हीच दुतोंडी खूण दगडी खांबांवर कोरलेली सापडते. मी कुऱ्हाड पाठीला लावूनच तिथं गेलो होतो.