1953 साली अमेरिकन गोल्फपटू बेन होगनने गोल्फच्या चार मोठ्या स्पर्धांपैकी मास्टर्स, यूएस ओपन आणि ब्रिटिश ओपन जिंकली. मग चौथी, पीजीए चॅम्पियनशिप का नाही?

कारण तो ती खेळलाच नाही: पीजीए आणि ब्रिटिश ओपनच्या तारखा एकमेकींवर आल्या होत्या. पीजीए मिशिगनमध्ये 1 ते 7 जुलै, आणि स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या कार्नूस्टी लिंक्स या गोल्फ मैदानावर ब्रिटिश ओपनची पात्रता फेरी 6 आणि 7 जुलैला. ही फेरी सगळ्यांनाच सक्तीची, यूएस ओपन विजेत्या होगनलासुद्धा. तेव्हा अटलांटिकच्या दोन्ही काठांवर एकाच वेळी खेळणं शक्यच नव्हतं.

पण सगळा दोष वेळापत्रकावर टाकू नका. 1949 च्या भीषण कार अपघातानंतर होगनच्या पायांत रक्ताभिसरणाचा त्रास कायमचा राहिला. पीजीए त्या काळी मॅचप्ले होती, म्हणजे एकास एक बाद फेरीचे सामने; पुढे सरकत गेलं की रोज 36 होल, म्हणजे 18 होलचे दोन राउंड. हे त्याला झेपणारं नव्हतं, म्हणून अपघातानंतर अनेक वर्षं तो त्या स्पर्धेकडे फिरकलाच नाही.

कार्नूस्टीलाही शेवटच्या दिवशी दोन राउंड होतेच, पण तिथे एकच दिवस रेटायचा होता. चार राउंडमधले त्याचे फटके बघा (जितके कमी तितके चांगले): 73, 71, 70, 68. एकूण 282, चार फटक्यांनी विजय, तोही अमेरिकेतल्यापेक्षा लहान ब्रिटिश चेंडूने, आयुष्यात पहिल्यांदाच खेळलेल्या ओपनमध्ये. प्रत्येक राउंड आधीच्यापेक्षा सरस! माझ्या मते चौथ्या किताबाच्या हळहळीपेक्षा हे आकडे जास्त मोलाचे आहेत. तिथला सहावा होल आज त्याच्याच नावाने ओळखला जातो.